गाभा मातीचा, बाजू माणसाची

धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयाजवळच्या कुठल्याही मेडिकलात तासभर थांबलं, तर चार-पाच नावं पुन्हा पुन्हा कानावर येतात. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन. नाव लक्षात नसेल तर लोक आकड्यावरून मागतात : "सहाशे पंचवीसच्या सहा द्या." सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणारी टीबीची लाल गोळी धरली, तर या यादीत रिफॅम्पिसिनही येतं. यातलं एकही औषध जसंच्या तसं निसर्गात सापडत नाही, आणि एकही पूर्णपणे माणसानं घडवलेलं नाही. रेणूचा अवघड गाभा बुरशी किंवा जिवाणू बनवतो. त्या गाभ्याला बाजूनं काय जोडायचं, काय छाटायचं, ते रसायनतज्ज्ञ ठरवतो. अशा औषधांना अर्धसंश्लेषित प्रतिजैविकं म्हणतात.

काउंटरवरून औषधासोबत सूचनाही मिळतात. ही उपाशीपोटी, ती दुधासोबत नको, या पावडरीत उकळून गार केलेलं पाणी घाला, ती दिवसातून एकदाच. आपण मान डोलावतो आणि एसटी पकडेपर्यंत विसरतो, कारण त्यामागचं कारण कुणी सांगत नाही. खरं तर यातली जवळजवळ प्रत्येक सूचना रेणूत केलेल्या एखाद्या दुरुस्तीतून किंवा न जमलेल्या दुरुस्तीतून आलेली असते. ती दुरुस्ती कळली की सूचना पाठ करावी लागत नाही.

सुरुवात पेनिसिलिनपासून करावी लागते. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला लंडनमध्ये बुरशीचा हा गुण दिसला. पण त्याचं औषध केलं ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली या मंडळींनी, १९४० नंतर. औषध जबरदस्त होतं, आणि खोडीही तितक्याच. ते पोटातल्या आम्लात टिकत नसे, म्हणून तोंडानं देऊन उपयोग नव्हता. रक्तात टोचलं तर मूत्रपिंडं अर्ध्या तासात त्यातलं निम्मं बाहेर टाकत. ऑक्सफर्डच्या पहिल्या रुग्णाच्या वेळी तर साठा इतका अपुरा होता, की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचलं गेलं. तरीही साठा संपला आणि तो वाचला नाही.

आपल्याकडे याच खोडीचा एक ठळक दाखला पुण्यात आहे. फेब्रुवारी १९४४मध्ये कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये कैदेत अखेरच्या आजारात होत्या. त्यांचे पुत्र देवदास गांधींनी कोलकात्याहून विमानानं पेनिसिलिन मागवलं. ते इंजेक्शननं, आणि तेही दर काही तासांनी द्यावं लागेल, हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. त्या अवस्थेत औषधानं काही फरक पडला असता असं नाही. पण नव्या औषधाची सगळ्यात मोठी अडचण, सारखं सारखं टोचावं लागणं, तिथे उघडी पडली होती.

त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च १९५४मध्ये, त्याच पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफची आणि तंत्रज्ञानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. १९५५पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूला 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असं नाव मिळालं आणि त्यापासून एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटानं हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध काढलं. ते अर्धसंश्लेषित नाही, पूर्ण नैसर्गिक आहे. म्हणजे या लेखाच्या विषयात बसत नाही. पण ज्या गावाला आपण आज वाहतूक कोंडीसाठी ओळखतो, त्याचं नाव जिवाणूशास्त्राच्या पुस्तकात आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आता मूळ प्रश्न. पेनिसिलिन जिवाणू मारतं कसं? जिवाणूभोवती एक भिंत असते, ती तो वाढताना सतत विणत असतो. धाग्यांची शेवटची गाठ मारायचं काम त्याचं एक एन्झाइम करतं. पेनिसिलिनच्या गाभ्यात चार अणूंची एक छोटी चौकोनी कडी आहे, तिला बीटा-लॅक्टम म्हणतात. चारच अणूंत कोंबल्यामुळे ती कायम ताणलेली असते, तुटायला टपलेली. एन्झाइमला ही कडी धाग्याच्या टोकाइतकीच ओळखीची वाटते. ते तिला धरतं, कडी फुटते आणि एन्झाइमला कायमची चिकटून बसते. गाठी मारणं थांबतं, भिंत कच्ची राहते, आतल्या दाबानं जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नाही, त्यामुळे आपल्याला धक्का लागत नाही.

म्हणजे औषधाची सगळी ताकद त्या ताणलेल्या कडीत आहे, आणि त्याचा सगळा नाजूकपणाही तिच्यातच. आम्लात ती फुटते. साध्या पाण्यातही ती हळूहळू फुटते. जिवाणूंनी तिला फोडणारं स्वतंत्र एन्झाइमही तयार ठेवलेलं आहे, पेनिसिलिनेज नावाचं. कडी बदलता येत नाही, कारण बदलली की औषधच उरत नाही. मग दुरुस्ती करायची कुठे? कडीच्या शेजारी, बाजूला लोंबणाऱ्या तुकड्यात.

बाजू बदलायची तर आधी ती काढता आली पाहिजे, आणि अडलं होतं ते इथेच. बुरशी पेनिसिलिन बनवते ते बाजूसकट. टाकीत वेगळं आम्ल घातलं तर बुरशी थोडी वेगळी बाजू लावते, पण तिला रुचेल तीच. जॉन शीहन या अमेरिकन रसायनतज्ज्ञानं पेनिसिलिन पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवायचा ध्यास घेतला आणि १९५७मध्ये जवळपास नऊ वर्षांच्या खटपटीनंतर ते साधलंही. पण बुरशी आठवडाभरात जे करते त्याच्या आसपासही ही पद्धत पोचत नव्हती.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बीचम कंपनीच्या ब्रॉकहॅम पार्क येथल्या प्रयोगशाळेत एका विसंगतीनं दार उघडलं. बॅचलर, डॉइल, नेलर आणि रोलिन्सन हे चौघं बुरशीच्या रसातलं पेनिसिलिन दोन प्रकारे मोजत होते. एक रासायनिक चाचणी, जी फक्त ती कडी किती आहे ते सांगते. दुसरी जैविक, म्हणजे रस जिवाणूंवर टाकून किती मरतात ते पाहायचं. बाजूचा कच्चा माल टाकीत घातला असेल तर दोन्ही आकडे जुळत. तो घातला नाही, तर रासायनिक आकडा मोठा आणि जैविक आकडा छोटा. आणखी कुणी चाचणीत चूक आहे म्हणून सोडून दिलं असतं. यांनी विचार केला : रसात कडी आहे, पण मारायची ताकद नाही, म्हणजे बाजू नसलेला नुसता गाभा तर तिथे पडलेला नाही ना? त्यांनी रसात बाजूचा तुकडा रासायनिक रूपात घातला आणि मारक शक्ती एकदम वाढली. नुसता गाभा सापडला होता. त्याचं नाव सिक्स-अमिनोपेनिसिलॅनिक ॲसिड. कारखान्यात सगळे 'सिक्स-एपीए' म्हणतात. १९५९च्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये ही बातमी छापून आली. अर्धसंश्लेषित औषधांची कारखानदारी खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाली.

आज हे काम कसं चालतं ते पाहू. साखर कारखान्याची डिस्टिलरी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. मळी, यीस्ट, मोठ्या टाक्या आणि तो वास. पेनिसिलिनच्या टाक्या दिसायला तशाच, पण चाल उलटी. डिस्टिलरीत यीस्टला हवा मिळू देत नाहीत, म्हणून ते अल्कोहोल करतं. पेनिसिलिनच्या बुरशीला मात्र हवा सतत फुंकावी लागते, नाहीतर ती गुदमरते. आधी छोट्या भांड्यात बी वाढवायचं, मग मोठ्या टाकीत, मग लाखभर लिटरच्या टाकीत. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास. अन्न म्हणून साखर आणि मक्यापासून स्टार्च काढताना उरलेलं पाणी. साखर एकदम ओतायची नाही, थेंबाथेंबानं सोडायची. पोट भरलं की बुरशी नुसती वाढत बसते, पेनिसिलिन करत नाही. थोडं उपाशी ठेवलं की कामाला लागते. बाजूसाठी लागणारं फिनाइलॲसिटिक आम्लही तसंच जपून सोडतात, कारण जास्त झालं तर बुरशीलाच बाधतं. साधारण आठवडाभरात टाकी उतरवायची वेळ येते.

यानंतर घाई असते. बुरशी गाळून काढली की उरलेला रस थंड करून आम्लधर्मी करतात, म्हणजे पेनिसिलिन पाण्यातून ब्यूटिल ॲसिटेटसारख्या द्रावकात जातं. पण आम्ल हाच त्याचा शत्रू, म्हणून हे काही मिनिटांत उरकून त्याला पुन्हा पाण्यात, पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात आणतात. पांढरे स्फटिक मिळतात. हे झालं साधं पेनिसिलिन जी.

आता बाजू छाटायची. पूर्वी हे रसायनांनी करत : फॉस्फरस पेंटाक्लोराइड, क्लोरीनयुक्त द्रावक आणि शून्याखाली चाळीस अंश थंडी. खर्चीक आणि जोखमीचं. आता पेनिसिलिन ॲसिलेज नावाचं एन्झाइम बारीक मण्यांवर चिकटवून ठेवतात आणि पेनिसिलिनचं कोमट द्रावण त्यावरून नेतात. एन्झाइम बाजूचा तुकडा नेमका तोडतं, ताणलेल्या कडीला हातही लावत नाही. तुटलेला तुकडा आम्ल असल्यानं द्रावण आम्लाकडे झुकू लागतं, म्हणून वरून सतत अल्कली सोडत राहावी लागते. मणी पुन्हा पुन्हा वापरता येतात. सुटलेला तुकडा गोळा करून परत बुरशीच्या टाकीत घालता येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या कुळातल्या एन्झाइमांवर बरंच काम झालं आहे. त्यातल्या एकाची, पेनिसिलिन व्ही ॲसिलेजची, त्रिमित रचना तिथल्या आणि इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मिळून १९९९मध्ये प्रसिद्ध केली.

द्रावण पुरेसं आम्लधर्मी केलं की सिक्स-एपीए पांढऱ्या भुकटीच्या रूपात खाली बसतं. ही भुकटी कुठल्याच रोग्याला देऊन फायदा नाही. जिवाणू मारायची तिची स्वतःची ताकद नगण्य आहे. पण तिला हवी ती बाजू जोडता येते, आणि इथून पुढे प्रत्येक औषध म्हणजे एका विशिष्ट खोडीला दिलेलं उत्तर आहे.

पहिली खोडी पेनिसिलिनेजची. रुग्णालयातल्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंनी साधं पेनिसिलिन निकामी करून टाकलं होतं. उत्तर म्हणून कडीच्या लगत दोन अवजड गट लावले, म्हणजे जिवाणूचं एन्झाइम कडीपर्यंत पोचूच नये. हे मेथिसिलिन. १९६०ला बाजारात आलं आणि १९६१ला इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारे जिवाणू सापडले. त्यांनी कडी फोडायचा नाद सोडून भिंत विणणारं एन्झाइमच बदलून घेतलं होतं. मेथिसिलिन आता कुणी वापरत नाही, पण त्याला न जुमानणाऱ्या त्या जिवाणूंचं 'एमआरएसए' हे नाव अतिदक्षता विभागात रोज ऐकू येतं.

दुसरी खोडी आम्लाची. आम्लात बाजूच्या तुकड्यातलाच ऑक्सिजन उलटून कडीवर चाल करतो आणि ती फोडतो. त्याच तुकड्यात नायट्रोजनचा अमिनो गट बसवला की हा ऑक्सिजन थंड पडतो. हे झालं १९६१चं अँपिसिलिन. याच गटाचा दुसरा फायदा असा, की पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या कितीतरी आतड्यांतल्या जिवाणूंच्या बाहेरच्या कवचातून औषध आत शिरू लागलं. तरी तोंडानं घेतलेल्या अँपिसिलिनपैकी निम्म्याच्या आसपासच रक्तात जाई, जेवणासोबत त्याहून कमी, आणि उरलेलं आतड्यात राहून जुलाब करी. म्हणून ते उपाशीपोटी आणि दिवसातून चार वेळा. मग त्याच तुकड्याच्या टोकाला एकच ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवली, एवढाच फरक केला आणि अमॉक्सिसिलिन झालं, १९७२मध्ये बाजारात आलं. शोषण खूपच सुधारलं, जेवणाची अट गेली, चारच्या जागी तीन वेळा पुरू लागलं. दोन अणूंनी रोजचा एक डोस वाचवला.

पेनिसिलिनेज मात्र अमॉक्सिसिलिनची कडी फोडतंच. तिथे बाजूशी खेळण्याऐवजी सोबती दिला. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्हुलिजेरस या मातीतल्या जिवाणूचं क्लॅव्हुलॅनिक आम्ल हे पेनिसिलिनेजला स्वतः जाऊन चिकटतं, त्यात स्वतः संपतं आणि अमॉक्सिसिलिनला वाट मोकळी करतं. पाचशे मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, एकशे पंचवीस मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक आम्ल. लोकांच्या तोंडी बसलेलं सहाशे पंचवीस ते हेच.

आता लहान मुलांच्या त्या पावडरच्या बाटलीकडे या. बाळाला देतात ते अमॉक्सिसिलिन कोरडं का असतं, हे आता सांगायला नको : पाण्यात कडी हळूहळू फुटते. कारखान्यातून पातळ औषध निघालं तर धाराशिवला पोचून दुकानात पडून राहीपर्यंत त्यातलं कितीतरी मेलेलं असेल. म्हणून पाणी तुम्ही घालायचं. आधी बाटली उलटी करून टिचक्या मारायच्या, म्हणजे तळाला घट्ट बसलेली पावडर सुटते. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या रेषेच्या थोडं खालपर्यंत घालून जोरात हलवायचं. फेस बसू द्यायचा, आणि मग रेषेपर्यंत भरायचं. फेसासकट रेषा गाठली तर पाणी कमी पडतं आणि औषध जास्त घट्ट होतं. गरम पाणी घातलं तर कडी तिथल्या तिथे फुटायला लागते. प्रत्येक वेळी हलवूनच चमचा भरायचा, कारण औषध विरघळत नाही, तरंगत असतं. साधारण सात दिवसांनी उरलेलं फेकून द्यायचं. लेबलवर मुदत दिलेली असते. क्लॅव्हुलॅनिक आम्ल असलेली बाटली तर फ्रिजमध्येच ठेवावी लागते, ते आम्ल ओलाव्याला अमॉक्सिसिलिनपेक्षाही हळवं आहे. मागच्या महिन्यात धाकट्याला आणलेली अर्धी बाटली थोरल्याला देणं हा आपल्याकडचा सर्रास काटकसरीचा प्रकार. त्या बाटलीत केळ्याचा वास आणि गोडी शिल्लक असते, औषध कितपत असेल याचा भरवसा नाही. ज्या घरात फ्रिज नाही तिथे चमचाभर पाण्यात विरघळणारी गोळी जास्त बरी. सरकारी आरोग्य केंद्रांत न्यूमोनियाच्या बाळांसाठी ती ठेवतात. डॉक्टरला तसं सांगायला संकोच करू नये.

बाकीची कुळं जरा भराभर. सेफॅलोस्पोरिनची बुरशी जुसेप्पे ब्रोत्झूला १९४५मध्ये सार्डिनियातल्या कालिआरी गावाच्या सांडपाण्याच्या तोंडाशी सापडली. तिच्या गाभ्यालाही तीच चार अणूंची कडी आहे, पण बाजू बदलायला एकाच्या जागी दोन ठिकाणं मिळतात, त्यामुळे या कुळाचा पसारा अफाट. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रायॲक्झोन ही तिचीच नातवंडं. सेफ्ट्रायॲक्झोनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला आठेक तास लागतात, म्हणून इंजेक्शन बहुधा दिवसातून एकदाच. कॅल्शियम असलेल्या सलाईनमध्ये मात्र त्याचा साका होतो, ते मिसळायचं नाही. एरिथ्रोमायसिन फिलिपीन्सच्या मातीतून आलं. आम्लात त्याचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप आतडी पिरगाळतं, म्हणून पोटात कळा. झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी १९८०मध्ये त्याच्या मोठ्या कडीत एक नायट्रोजन घुसवला, कडी चौदाची पंधरा अणूंची झाली, आम्लात टिकू लागली आणि पेशींमध्ये कित्येक दिवस साठून राहू लागली. हे ॲझिथ्रोमायसिन. तीन दिवसांच्या गोळ्यांचा असर नंतरही काही दिवस चालतो तो या साठ्यामुळे. 'तीनच गोळ्या, म्हणजे हलकं औषध' हा समज चुकीचा आहे. टेट्रासायक्लिनच्या कुळात एक हायड्रॉक्सिल गट काढून डॉक्सिसायक्लिन केलं, त्यानं दिवसाच्या चार गोळ्यांच्या एक-दोन झाल्या. पण ती कोरडी गिळून आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास तरी बसून राहा. लोहाच्या गोळ्यांसोबत घेऊ नका, धातू औषधाला धरून ठेवतो.

इतकी हुशारी दाखवूनही गाभा मात्र माणूस परवडेल अशा खर्चात बनवू शकत नाही, तो टाकीतूनच येतो. ज्याच्याकडे टाक्या, त्याच्या हाती औषध. १९९१नंतर आयात खुली झाली, चीनचं पेनिसिलिन जी आणि सिक्स-एपीए स्वस्त पडू लागलं, आणि आपल्याकडच्या टाक्या एकेक करून थंडावल्या. पिंपरीतलं पेनिसिलिनही बंद झालं. देशात अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या भरपूर बनत राहिल्या, पण गाभा बाहेरचा. कोरोनाच्या काळात पुरवठ्याची भीती दिसली तेव्हा केंद्रानं २०२०मध्ये उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आणली, तिच्या यादीत पेनिसिलिन जी आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल ही दोन्ही होती. त्यातून अरबिंदो समूहाचा, वर्षाला पंधरा हजार टन क्षमतेचा पेनिसिलिन जीचा कारखाना आंध्रात काकीनाड्याजवळ उभा राहिला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये त्याचं उद्घाटन झालं. १९५५मध्ये जमलेली गोष्ट मोडून पुन्हा शिकायला आपण पैसे मोजतोय, असं माझं मत आहे; स्वस्त आयातीची खरी किंमत बिलात कधीच दिसत नाही.

आणि आता ती लाल गोळी. आपल्या जिल्ह्यासाठी या सगळ्या यादीत तिचं मोल मला सगळ्यांत जास्त वाटतं. १९५७मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या रानातली माती मिलानच्या लेपेटिट कंपनीत आली. तिच्यातल्या जिवाणूनं बनवलेल्या पदार्थांना त्या वेळी गाजत असलेल्या 'रिफिफी' या फ्रेंच सिनेमावरून रिफामायसिन म्हणू लागले. जिवाणू एकाच वेळी अनेक रिफामायसिन बनवी. टाकीत एक विशिष्ट क्षार घातला की मुख्यतः 'बी' हाच प्रकार मिळे. गंमत म्हणजे 'बी' फारसा मारक नव्हता, पण त्याचं द्रावण हवेत ठेवलं की आपोआप बदलून मारक होई. त्यातून रिफामायसिन एसव्ही आलं. ते क्षयाच्या जिवाणूला मारी, पण तोंडानं घेतलं तर शोषलं जात नसे आणि रक्तात गेलं तर यकृत ते लगोलग पित्तात टाकी. पिएरो सेन्सी आणि सहकाऱ्यांनी गाभ्याच्या एका ठरावीक जागी निरनिराळ्या बाजू जोडून शेकडो रेणू तपासले. १९६५च्या सुमारास पिपरझिनची एक बाजू जमून आली, तेच रिफॅम्पिसिन. तोंडानं घेता येणारं.

ते जिवाणूच्या जनुकांची नक्कल काढणाऱ्या यंत्रणेच्या तोंडाशी अडकून बसतं. दोन-तीन अक्षरं लिहून झाली की नक्कल थांबते. याच्या आधी क्षयरोग्याला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि गोळ्या दीड वर्ष घ्याव्या लागत. रिफॅम्पिसिन आलं तसा उपचार नऊ महिन्यांवर आणि पायराझिनामाइडच्या जोडीनं सहा महिन्यांवर आला. सरकारी गोळीत चार औषधं एकत्र असतात : रिफॅम्पिसिन १५० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्बुटॉल २७५. चौघांत मातीचा वारसा एकट्या रिफॅम्पिसिनला; बाकी तीन निव्वळ कारखान्याची. दोन महिने चारही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. गोळ्या किती ते वजनावर : पस्तीस ते एकोणपन्नास किलोला तीन, पन्नास ते चौसष्टला चार. उपचारात वजन वाढलं तर गोळ्याही वाढू शकतात, म्हणून वजनकाट्यावर उभं राहायचा कंटाळा करू नये.

रिफॅम्पिसिनचा गाभाच लाल आहे, त्यामुळे लघवी, घाम, अश्रू नारिंगी-लाल होतात. हे रक्त नव्हे. पण आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून पहिल्याच आठवड्यात गोळी सोडतो. जेवणासोबत शोषण घटतं, म्हणून ती सकाळी उपाशीपोटी. ती यकृतातली एन्झाइमं वाढवते, आणि त्यामुळे इतर औषधं लवकर जळून जातात. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा या काळात राहत नाही, हे बायकांना स्पष्ट सांगायला हवं, बहुतेकदा कुणी सांगत नाही.

जिवाणू इथेही बदलतो. रिफॅम्पिसिन जिथे बसतं त्या भागाच्या जनुकात, आरपीओबी नावाच्या, एका छोट्या टप्प्यात एखादं अक्षर बदललं की औषध बसत नाही. बहुतेक सगळे प्रतिकारक जिवाणू याच टप्प्यात बदललेले असतात, म्हणून तेवढाच भाग वाचून थुंकीवरून काही तासांत निकाल देणारी यंत्रं करता आली. त्यातलं ट्रूनॅट हे गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. दुसरीकडे त्याच पिपरझिनच्या टोकाचा छोटा मिथिल गट काढून पाच कार्बनची कडी लावली, तर औषध शरीरात कितीतरी जास्त टिकतं. ते रिफापेंटिन. घरात क्षयरोगी असलेल्या पण स्वतः आजारी नसलेल्या माणसांना रोजच्या गोळीऐवजी आयसोनियाझिडसोबत आठवड्यातून एकदा, बारा आठवडे देतात.

भूम, वाशी, कळंबच्या बालाघाटातल्या गावांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या उसतोडीला निघतात आणि पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. क्षयाचे सहा महिने आणि कारखान्याचे पाच-सहा महिने एकमेकांवर येतात. मुकादमाची उचल घेतलेला माणूस औषधासाठी थांबत नाही. गोळ्या संपल्या की दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोपीवर त्याला वाटतं, खोकला तर गेलाय. नेमक्या याच खंडात ते एक अक्षर बदललेले जिवाणू उरतात आणि वाढतात. उपचार असा थांबवायची गरज नाही. उपचार सुरू होताना प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो. तो कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाईलमध्ये ठेवा, निघण्याआधी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात कोणत्या कारखान्यावर चाललात ते सांगा. पुढच्या गोळ्या तिथल्या सरकारी केंद्रातून त्याच क्रमांकावर फुकट मिळतात, आणि पोषणाचे महिन्याचे हजार रुपयेही बँक खात्यात येत राहतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणीही फुकट आहे. टोळी निघण्याआधी करून घ्या.